पर्यावरणाच्या बैठकीला कोल्हापूरकर येत का नाहीत?

आठवी गल्ली

नमस्कार मंडळी. आम्ही राजारामपुरीतली काही मंडळी हवामान बदलावर शहरात काहीतरी उभं करायच्या खटपटीत आहोत. हॉल घेतो, प्रोजेक्टर लावतो, जाणकार वक्ता बोलवतो. मागच्या बैठकीत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास दाखवला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात आहे. ऐकायला कोण? आम्हीच, आमच्यापैकी दोघांच्या बायका आणि दिवे बंद करायला थांबलेला हॉलचा माणूस.

हेच शहर शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवेपर्यंत वर्षानुवर्षं रस्त्यावर होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वनताराला नेलेली नांदणी मठाची महादेवी हत्तीण परत यावी म्हणून माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोण कुठला हे न विचारता पोरं पाण्यात उतरली. म्हणजे माणसांना पडलेली नाही असं म्हणता येत नाही.

मग चुकतंय कुठं? तुमच्या गल्लीत, कॉलनीत असं एखादं काम सुरू होऊन टिकलं असेल तर ते कशामुळं टिकलं, ते लिहा. "लोकच आळशी" हे कृपया नको, ते आम्ही एकमेकांना सांगून झालंय.

तांबडा पांढरा

मिसळ ठेवा. "कट वाढून मिळेल" हे पत्रिकेत ठळक छापा. हॉल पुरणार नाही.

पेठेचा पोरगा

प्रोजेक्टर दिसला की माणूस पळतंय भावा. कायतरी विकायला आलेत असं वाटतंय.

सासर पुणे

तांबडा पांढरा, आमच्या पुण्यात मिसळ ठेवली तर आधी त्यात फरसाण कुठलं यावर बैठक होईल. बाकी धागा चांगला आहे, वाचतेय.

सुतारवाडा

आमच्याकडं बैठक बोलवावी लागत नाही. जुलै लागला की प्रत्येकाच्या तोंडात एकच प्रश्न, "राजाराम बंधारा किती?" म्हणजे तिथं पंचगंगेची पातळी किती. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. जामदार क्लबाजवळ पाणी आलं की आम्ही बोचकी बांधायला घेतो. मग निवाऱ्याला चित्रदुर्ग मठ.

आता तुम्ही विचारलंयच तर सांगतो काय काय करावं लागतं. फ्रिज ओट्यावर चढवायचा. सिलिंडर दोरीनं खिडकीच्या गजाला आवळून बांधायचं, रिकामं असेल तर हमखास, कारण ते तरंगतं आणि दारावर आदळत बसतं. रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले, घरफाळ्याची पावती एका पिशवीत, आणि ती पिशवी म्हातारीच्या हातात, कारण ती कुठं ठेवून विसरत नाही. पाणी उतरलं की गाळ ओला असतानाच खराट्यानं बाहेर लोटायचा. एक दिवस आळस केला आणि वर ऊन पडलं की मग खोरं लागतं, आणि फरशीचा रंगही जातो.

आमच्या भिंतीवर २०१९ ची रेघ आहे. तिच्यावर २०२१ ची. पाऊस वाढलाय हे मला स्लाइडवर कशाला दाखवताय साहेब? तुम्ही इकडं या, मी दाखवतो.

राग नाही. पण राजारामपुरीत पाणी येत नाही, म्हणून माणसं येत नाहीत. एवढं सोपं आहे ते.

आठवी गल्ली

सुतारवाडा, मान्य. पण पूर्ण नाही. बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसा पंप पाण्यात गेले तेव्हा आमच्याकडचे नळही बंद होते. टँकरमागं कळशा घेऊन आम्हीही पळत होतो. चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे उंचावरच्या कोल्हापुरानंही बघितलंय.

शंकेखोर

थेट पाईपलाईन आली की आता. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात पोचलं. तो विषय संपला.

आणि मुळात पूर म्हणजे हवामान बदल हे कुणी ठरवलं? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घ्यायला सगळे का घाबरतात? तिथं पाणी ५१९.६० मीटरवर अडवतात तर ही अवस्था आहे, कर्नाटकला ५२४.२५६ पर्यंत जायचंय. तेव्हा काय स्लाइड दाखवत बसणार?

तांबडा पांढरा

आली! अलमट्टी आली! मी म्हणतच होतो अजून कशी आली नाही.

निवृत्त ओव्हरसियर

शंकेखोर, घाबरत कुणी नाही. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. ते इथल्या अनेकांना पटलेलं नाही हेही खरं, आणि उंची वाढवायला विरोध असावा याच्याशी मी सहमत आहे. पण अलमट्टीवर बोललं की आपल्याला आपल्या दारात काही करावं लागत नाही. ही त्या विषयाची मोठी सोय आहे.

नोकरीतली माणसं ज्या दोन रेघा ओळखतात त्या लोकांना माहीत नसतात. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत निषिद्ध क्षेत्र. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी ते लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र, म्हणजे बांधकाम अटी घालून. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांत ५६ च्या वर. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ आता कुणाला विचारायचा? ही झाली हवामानाची बाजू. दुसरी बाजू अशी की नदीकडच्या सखल जमिनीत भराव पडतोय. पाण्याला पसरायला जागा नाही, मग ते शहरातनं नदीला मिळणाऱ्या जयंती नाल्यातून उलटं शिरून व्हीनस कॉर्नरला येतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती रंगवायला घ्यायच्या टायमाला.

दोन्ही खरं आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

आणि जाता जाता. राधानगरीचे दरवाजे "सोडले" असं दर पावसाळ्यात फिरवू नका. सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. तिथं कुणी बटण दाबत नाही.

पेठेचा पोरगा

काका, हे शेवटचं मी आमच्या ग्रुपवर टाकलं तर मलाच ग्रुपमधनं काढतील.

शिरोळकर

शहराची चर्चा चालली आहे म्हणून गप्प होतो. पण जयंती नाल्याचं नाव निघालं म्हणून लिहितो.

पुराचं पाणी तुमच्याकडनं चार-आठ दिवसांत उतरतं. आमच्या खालच्या अंगाच्या शिवारात ते बसतं. ऊस बुडक्यात कुजतो, शेंड्यात पाणी गेलं की संपलाच. ते एक. आणि उन्हाळ्यात? पाऊस नसताना नदीत जे वाहतं त्यात तुमचं सांडपाणी किती, हा हिशोब तुमच्या हवामान बैठकीत कधी येतो का? २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली. तेव्हा पंचगंगेचं नाव आठवडाभर सगळ्यांच्या तोंडात होतं.

तुम्ही रंकाळ्यावर मानवी साखळी करता, फोटो चांगले येतात. नदीच्या खालच्या अंगाला कुणी साखळी करत नाही. वरचा माणूस खालच्याला विचारत नाही तोवर तुमच्या चळवळीला आम्ही चळवळ म्हणणार नाही.

अनघड

शिरोळकर, १००% सहमत. फक्त एक भर, कारखान्यांची मळी आणि शेतातलं खत-औषध पण त्याच नदीत येतं. सगळं शहराच्या नावावर नको.

शिरोळकर

येतं. नाही म्हटलं नाही. पण दोन्हीकडच्यांनी एकमेकांकडं बोट दाखवायचं आणि नदी तशीच, हे किती वर्षं चालवायचं?

संपादक

अलमट्टीसाठी वेगळा धागा आहे, तिकडचे तीन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे धागाकर्त्याच्या प्रश्नावर राहावे.

बावड्याची लेक

मूळ प्रश्नाकडं येते. टिकलेलं काम सांगा म्हणालात ना दादा? शेणी.

बाहेरगावच्यांसाठी, शेणी म्हणजे गोवऱ्या. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला पैसे घेत नाहीत, आणि लाकडाऐवजी बराचसा भार शेणीवर असतो. होळीला मंडळं मोठी होळी पेटवायची, त्याऐवजी लहान पेटवून उरलेल्या शेणी स्मशानात देतात. ट्रॅक्टर भरभरून जातात. आमच्या गल्लीत लहान पोरं घरोघरी फिरून गोळा करतात. कुणी पाच देतं, कुणी अकरा, ज्यांच्याकडं म्हसरं नाहीत ते विकत आणून देतात.

यात कुणी कुणाला लाकूडतोड आणि कार्बन शिकवला नाही. मग का चालतं? माझ्या मते सण आपला, काम एका सकाळचं, आणि दिलेली शेणी उद्या कुणाच्या तरी घरच्या माणसाला लागणार हे सगळ्यांना माहीत. शिवाय शेजारच्या मंडळानं ट्रॉली भरली आणि आपली अर्धी गेली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. ही ईर्षा कोल्हापुरात फुकट मिळते, ती वापरा.

हॉलमध्ये मी पण आले नसते. संध्याकाळी सातला कुकर लावायचा की अतिवृष्टी बघायची?

सुतारवाडा

ताई बरोबर बोलल्या.

खणीचा काठ

शेणीसारखंच मूर्तिदानाचं. सुरुवातीला घाटावर मूर्ती दान करा म्हणणाऱ्या कॉलेजच्या पोरांना लोक हाडूत करायचे. "आमचा देव तुम्हाला का द्यायचा?" आता गल्लोगल्ली विसर्जनाला पाण्याच्या काहिली, म्हणजे मोठ्या कढया, ठेवतात, निर्माल्याला वेगळी ट्रॉली असते, मोठ्या मूर्ती इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात, जातात. माझी आई आधी रडली होती. आता काहिलीत विसर्जन करून आरती म्हणून, निर्माल्य पिशवीत वेगळं काढून घरी येते आणि शेजारणीला पण सांगते.

पण मी खणीच्या जवळ राहतो, म्हणून एक विचारतो. पंचगंगा वाचली, रंकाळा वाचला, छान. खणीचं काय? विसर्जनानंतर महिनाभर तिथं कधी येऊन उभे राहा. आपण त्रास संपवला की हलवला, हे पण कधी बोलूया.

शंकेखोर

चला, शेवटी कुणीतरी माझ्यासारखं बोललं.

टोलनाका बंद

आयडीवरून कळलं असेल मी कुठल्या आंदोलनातला. धागाकर्त्यांनी टोलची तुलना केली म्हणून लिहितो.

टोलमध्ये नाका समोर होता. गाडी अडवायची, पावती मागायची, खिशातनं रोज पैसे जायचे. रोज राग यायचा. राग शिळा व्हायला वेळच मिळत नव्हता. कृती समितीत सगळे पक्ष, सगळ्या तालमी, वकील, रिक्षावाले. भांडत होते आपसात, पण नाका एकच होता.

तुमच्या हवामानाला नाका नाही. कुणाकडं बघून घोषणा द्यायची? मोर्चा कुठं न्यायचा? कलेक्टर ऑफिसला निवेदन दिलं, फोटो काढला, संपलं. आधी नाका शोधा. ओव्हरसियर काकांनी खरं तर दाखवलाय तो. निळ्या रेषेच्या आत पडणारा प्रत्येक भराव हा एकेक नाका आहे. डंपर दिसतो, नंबर दिसतो, जागा दिसते, तारीख टाकून फोटो काढता येतो.

पेठेचा पोरगा

टोलनाका काका, बोलायला सोपं आहे. भराव टाकणाऱ्याचा फ्लेक्स आमच्या मंडपावर असतो. गणपतीची मोठी वर्गणी त्याची, फुटबॉलची जर्सी त्याची, पुरात पहिली नाव पण त्यानंच पाठवली होती. ती नाव घेऊन मीच फिरलोय. आता त्याच्या डंपरसमोर मी झोपू?

त्याचं नाव सांगत नाही, कुठल्या पेठेत हा माणूस नाही ते सांगा.

बावड्याची लेक

हे आत्तापर्यंतचं सगळ्यात खरं वाक्य.

टोलनाका बंद

झोपू नका. पण तालमीनं वर्गणी लोकांची घ्यायची की एकाची, हा तर तुमच्या हातातला निर्णय आहे ना? टोलच्या वेळी डबा फिरवून पैसे गोळा केले म्हणून कुणाला ऐकून घ्यावं लागलं नाही.

पेठेचा पोरगा

डबा फिरवून डॉल्बी येत नाही काका.

तांबडा पांढरा

डॉल्बी नाही आली तर आणखी एक पर्यावरणाचं काम होईल.

सासर पुणे

मी पुण्यातल्या एका गटात आहे म्हणून वेगळं बोलते. आमच्याकडं उलटा प्रश्न. बैठकीला माणसं येतात, अहवाल वाचून येतात, माहिती अधिकारात कागद काढतात, हरकती नोंदवतात. पण उद्या नदीला पाणी आलं तर शेजारच्या वस्तीत कोण म्हातारं एकटं राहतं हे आम्हाला ठाऊक नाही. कोल्हापुरात ते ठाऊक असतं. माझ्या माहेरी २०२१ ला तालमीच्या पोरांनी आजीला पाटासकट उचलून नावेत घातलं, यादी न बघता. त्यांना माहीतच होतं ती वरच्या खोलीत आहे.

कागदाची माणसं आणि नावेची माणसं एका खोलीत बसली तर बरंच होईल. आणि ती खोली हॉल नसावी.

अनघड

पण हे सगळं पुराचंच चाललंय. उत्सर्जनाचं काय? दुचाकींचा धूर, केएमटी बसची अवस्था, कचरा जाळणं. हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव निकष न पाळणाऱ्या शहरांत आहे, हे किती जणांना माहीत आहे? नाव आणि शेणी करून तापमान कमी होत नाही. शेणी जाळणं पण धूरच की.

निवृत्त ओव्हरसियर

अनघड यांचा मुद्दा रास्त आहे. छतावरच्या ३ किलोवॅटच्या सोलरला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे, ते आमच्या कॉलनीत बऱ्याच जणांनी घेतलं. कुणी पृथ्वीसाठी घेतलं नाही, बिलासाठी घेतलं. चालतं. पण ज्याचं छप्परच पत्र्याचं आणि भाड्याचं, त्याला तुम्ही उत्सर्जनातलं काय कमी करायला सांगणार? त्याचं आहेच किती? त्याच्यासाठी आधी घरात पाणी न येणं.

बावड्याची लेक

भाडेकरूंचं निघालं ते बरं झालं. तालीम-तालीम करताय सगळे. तालमीत बायका येतात का? भाडेकरू येतात का? बिहारची सेंट्रिंगवाली पोरं सखल भागात खोली करून राहतात, त्यांना "राजाराम बंधारा किती" हा मेसेज कोण पाठवतं? कुठल्या ग्रुपवर आहेत ती?

आणि घरातला कचरा, पाणी, पुरानंतरचा गाळ हे सगळं बायका बघतात. आमच्या बचत गटानं ओला-सुका वेगळा करायचं ठरवलं, केलं, आणि गाडीत दोन्ही एकत्र ओतलेलं डोळ्यांनी बघितलं. त्या दिवशी निम्म्या बायकांनी सोडून दिलं. उरलेल्यांनी ओला कचरा द्यायचाच बंद केला, माठात, बादलीत खत करायला घेतलं. त्या टिकल्या. गाडीवर अवलंबून असलेल्या नाही टिकल्या.

तेव्हा तालमीत बैठक घेणार असाल तर आम्ही उंबऱ्यावर उभं राहून ऐकणार नाही, आधीच सांगते.

पेठेचा पोरगा

ताई मातीत नका उतरू म्हणजे झालं, वस्ताद ओरडतात. बाकी तालमीचा वरचा हॉल आहे, तिथं कुणी काय बोलणार नाही. मी बोलतो त्यांच्याशी.

आठवी गल्ली

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. प्रोजेक्टर परत केला आहे. (खरंच. भाड्याचा होता.)

आमच्या मंडळींत बोलणं झालं ते असं. राजारामपुरीत बैठक न घेता सुतारवाडा आणि शाहूपुरीच्या बाजूला यायचं. भाषण नाही. ओव्हरसियर काकांनी पूररेषेचा नकाशा वाचून दाखवायचा आणि गल्लीतल्या कुठल्या खांबापर्यंत निळी, कुठल्यापर्यंत लाल, ते चालत जाऊन दाखवायचं. लोकांनी होकार दिला तर खांबावर रंगानं खूण, २०१९ आणि २०२१ च्या पातळीसकट. दुसरं, एकटी म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका, भाड्याच्या खोल्यांतली बाहेरगावची पोरं यांची यादी जूनच्या आधी. ती बावड्याच्या ताईंच्या गटानं करावी अशी विनंती, कारण घरात त्यांनाच घेतात. भरावाच्या फोटोंचं टोलनाका काका बघतील. शिरोळकर, तुमच्याकडं उन्हाळ्यात एकदा सगळ्यांनी यायचं, नदीच्या काठानं, आधी तुमचं ऐकायला.

वर्गणी कुणा एकाकडनं घ्यायची नाही यावर आमच्यातच अजून भांडण चालू आहे.

सुतारवाडा

खांबावर रंग ऑइलपेंट आणा. डिस्टेंपर आणलं तर पहिल्याच पुरात खूण वाहून जाईल.

शंकेखोर

लाल रेषा दाखवली की त्या गल्लीतल्या घरांचे भाव पडणार. मालक खांबाला हात लावू देणार नाहीत. बघालच.

निवृत्त ओव्हरसियर

शंकेखोर, हे होणार आहे. म्हणून आधी मालकांनाच बोलवा. आणि तुम्हीही या, तुमच्यासारखा एक माणूस लागतोच.

शंकेखोर

कधी आहे?

आठवी गल्ली

शनिवारी संध्याकाळी पाचला?

पेठेचा पोरगा

शनिवारी शाहू स्टेडियमवर मॅच आहे. पेठेतनं काळं कुत्रं येणार नाही.

बावड्याची लेक

मग रविवार सकाळ. दहाच्या आत संपवा, मटण आणायला माणूस जातोय.